आधी भरतीची वेळ, मग दुर्बीण: शरद सरताना खाडीकाठचं पक्षीनिरीक्षण

पक्षी पाहायचे तर पहाटे उठायचं, हे आपण पहिल्या दिवसापासून ऐकतो. रानात ते खरं आहे. खाडीवर मात्र याच सवयीपायी कित्येकांची पहिली सकाळ वाया जाते. उजाडताना काठावर पोचावं, तर पाणी पार आत ओसरलेलं असतं. समोर किलोमीटरभर चिखल पसरलेला आणि त्याच्या टोकाला काळे ठिपके. ते ठिपके म्हणजेच पक्षी. दुर्बिणीतूनही ते ठिपकेच राहतात. माणूस कंटाळून नऊला घरी जातो, आणि साडेअकराला तेच पक्षी तो जिथे उभा होता तिथून चाळीस पावलांवर येऊन उतरतात.

खाडीतल्या पक्ष्यांचा दिवस सूर्यावर चालत नाही, पाण्यावर चालतो. पाणी हटलं की चिखलात खाणं, पाणी चढलं की उंच जागी विसावा, मग रात्र असो की दुपार. म्हणून या लेखात पक्ष्यांची नावं नंतर येतील, आधी पाणी.

हंगामाबद्दल एक खुलासा. उत्तर गोलार्धात शरद सरण्याचा काळ म्हणजे साधारण ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबर. उत्तरेच्या टुंड्रात वीण आटोपून निघालेले किनारी पक्षी, ज्यांना पक्षीमित्र सरसकट वेडर म्हणतात, ते एव्हाना खाली आलेले असतात. काही इथे मुक्कामाला थांबलेले, काही चार दिवस पोट भरून आणखी दक्षिणेला जाणारे. दक्षिण गोलार्धात याच सुमारास वसंत असतो. तिथला शरद मार्च ते मे असा असतो, त्याच काळात पक्षी उत्तरेकडे परत निघतात.

पहिली पायरी: पाण्याचं गणित

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या येतात आणि त्यांच्यात सुमारे 12 तास 25 मिनिटांचं अंतर असतं. म्हणून आजची भरती उद्या साधारण 50 मिनिटं उशिरा येते. आज सकाळी 8 ला पूर्ण भरती असेल, तर आठवड्याने तीच वेळ दुपारी दोनच्या आसपास सरकलेली असते आणि पंधरवड्याने चक्र पुन्हा जवळपास मूळ जागी येतं. काही किनाऱ्यांवर दिवसात एकच भरती येते, तेव्हा आपल्या जागेचं वेळापत्रक एकदा नीट पाहून घ्यावं. वेळापत्रक बंदरासाठी छापलेलं असतं. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी त्यानंतर पोचतं, कुठे वीस मिनिटांनी, कुठे तासाने. हा फरक ॲपमध्ये मिळेलच असं नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत घड्याळ लावून तो स्वतः मोजायचा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचा.

अमावास्या-पौर्णिमेच्या एकदोन दिवस पुढेमागे उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणात पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, भांगात दोन्ही कमी. पक्षी पाहणाऱ्याला हा फरक फार मोलाचा आहे. भांगाच्या भरतीत चिखलाचा बराच पट्टा उघडाच राहतो, मग पक्ष्यांना काठाजवळ यायची गरजच पडत नाही. उधाणाची भरती त्यांना ढकलत ढकलत तुमच्याकडे आणते. शेवटी ती सगळा चिखल गिळते आणि थवे उठून विसाव्याच्या जागी जातात. त्यामुळे उधाणाच्या दिवशी पूर्ण भरतीच्या तीन तास आधी जागा धरावी, मधल्या दिवसांत दोन तास पुरतात. एका ठिकाणची उधाणाची भरती घड्याळात नेहमी साधारण त्याच सुमारास येते. तुमच्या खाडीत ती दुपारी बाराच्या आसपास येत असेल, तर पुढल्या उधाणालाही तशीच येईल. महिन्याचे तुमचे दिवस त्यावरून आधीच ठरवता येतात.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हेही ध्यानात हवं. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सहा तास धरले, तर पहिल्या तासात एकूण चढावाचा बारावा हिस्सा येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. ढोबळ नियम आहे, पण उपयोगी. समजा ओहोटी-भरतीत 3.6 मीटरचा फरक आहे. मग तिसऱ्या एका तासात पाणी 90 सेंटिमीटर चढतं. चिखलाचा उतार पाचशेला एक इतका मंद असेल, तर त्या तासात पाण्याची कड 450 मीटर पुढे येते, म्हणजे मिनिटाला साडेसात मीटर. हे मधले दोन तास सर्वात रंगतदार असतात, आणि चिखलात उतरलेल्या माणसासाठी सर्वात धोक्याचेही.

हवेचाही हात असतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने घटला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटर वर येते, आणि समुद्राकडून काठाकडे जोराचा वारा असेल तर त्यात भर पडते. वादळी दिवसानंतर पाणी तक्त्यातल्या आकड्याहून वर येईल असंच धरून चालावं. अशा वाऱ्याने खुल्या समुद्रावरचे स्कुआ, पेट्रेल असे पक्षीही कधी खाडीत ढकलले जातात. वादळ ओसरल्यावरच्या पहिल्या सुरक्षित सकाळी मी दुसरी सगळी कामं बाजूला ठेवतो.

जागा

सूर्य पाठीशी हवा. हे सगळ्यांना माहीत असतं, पण सूर्य कुठल्या वेळी, हा हिशोब राहून जातो. तुमची भरती दुपारी तीनची असेल तर सकाळचा उजेड पाहून निवडलेली जागा निरुपयोगी. उलट्या उजेडात ओल्या चिखलाचा आरसा होतो आणि प्रत्येक पक्षी काळा दिसतो. भरतीची वेळ आणि त्या वेळची सूर्याची दिशा या दोन गोष्टी जुळवून प्रत्येक खाडीवर दोन जागा ठरवून ठेवाव्यात, एक सकाळच्या भरतीसाठी, एक दुपारच्या.

जागा निवडताना एकदा पूर्ण ओहोटीला जाऊन चिखलाचा आकार पाहा. कुठला पट्टा उंच आहे, ओहळ कुठून वाहतात, रेती कुठे आणि गाळ कुठे. सर्वात शेवटी बुडणारा उंचवटा तुमच्या समोर यायला हवा, कारण पाणी चढताना सगळे थवे तिथेच गोळा होतात. ओहळाच्या कडेला पातळ गाळात लांब पायांचे टिलवे, रेताड भागात सँडर्लिंग आणि छोटे चिखल्या, खडपांवर टर्नस्टोन आणि कालवफोड्या, खोल मऊ चिखलात लांब वाकड्या चोचीचे कोरल आणि लांब सरळ चोचीचे पाणटिवळे. अशी प्रत्येकाची आपली वाटणी असते आणि ती वर्षानुवर्षं फारशी बदलत नाही.

सामान

8×42 ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि 42 मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरते. 10×42 ने थोडं जवळ दिसतं, पण वाऱ्यात हात हलतो. खाडीवर खरा फरक पडतो तो स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण, आणि दणकट तिपाईने. स्कोप 20 ते 60 पटीचा, 65 ते 80 मिलिमीटर भिंगाचा असावा. परवडत नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्यासोबत जावं. ऊन वाढलं की चिखलावरची हवा थरथरते. तेव्हा पट वाढवून काही हाती लागत नाही, उलट 25-30 वर आणावी, चित्र जास्त ठाशीव दिसतं. बसायला घडीचं स्टूल, डोक्याला टोपी, मातकट रंगाचे कपडे, वही, पेन्सिल. पेन्सिलच घ्यावी, दमट हवेत शाई फुटते.

दुसरी पायरी: पहिली दहा मिनिटं दुर्बीण गळ्यातच

पोचल्या पोचल्या दुर्बीण लावू नका. बसा. कोण कुठे आहे, कुठल्या दिशेने सरकतंय, कुठे रिकामं आहे, हे उघड्या डोळ्यांनी पाहा. तुम्ही हलला नाहीत तर पंधरा-वीस मिनिटांत पक्षी तुम्हाला काठाचाच भाग धरायला लागतात. सर्वात आधी ओरडतो तो रेडशँक, लाल पायांचा टिलवा. खाडीचा राखणदार म्हणावा असा. त्याने 'त्यू-हू-हू' करत भरारी घेतली की मागोमाग सगळा काठ उठतो. तो शांतपणे खायला लागला म्हणजे बाकीच्यांनीही तुम्हाला मान्य केलं.

मग रंग बाजूला ठेवून चाल पाहा. या हंगामात रंगाने फसायला होतं, चाल फसवत नाही. चिखल्या धावतो, थबकतो, टोचतो, पुन्हा धावतो. त्याचे डोळे मोठे आणि चोच आखूड, तो नजरेने शिकार करतो. तुतवाराच्या जातीतले पक्षी मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालवत राहतात, कारण त्यांचं भक्ष्य चिखलाच्या आत असतं आणि ते चोचीच्या टोकाला कळतं. त्या टोकात दाब ओळखणाऱ्या चेतापेशी दाटीने असतात. नॉट या पक्ष्याला तर ओल्या रेतीतल्या पाण्याच्या दाबात पडणारा फरकही जाणवतो, शिंपलीला थेट स्पर्श व्हायची गरज लागत नाही. पाणटिवळा, कोरल यांना अख्खी चोच न उघडता वरच्या चोचीचं फक्त टोक उचलता येतं. चिखलात पार डोळ्यांपर्यंत चोच रुतलेली असताना आत किडा धरायचा तो असा.

एखादा कोरल निवडून त्याच्याकडे पाच मिनिटं बघत बसा. गेल्या हंगामात एक मादी माझ्यासमोर तीसेक पावलांवर होती. मादी ओळखता येते, तिची चोच नराहून लांब, पंधरा सेंटिमीटरपर्यंत जाते. तिने चोच तिरकी करून बिळात घातली, मान थोडी पिळली, पुन्हा पिळली आणि एक खेकडा बाहेर काढला. मग तो चिखलावर आपटला, उचलून झटकला. एक नांगी उडाली. पुन्हा झटकला, दुसरी उडाली. चार पावलं चालून ती ओहळातल्या पाण्यात आली, खेकडा बुचकळून गाळ धुतला, चोचीच्या टोकावरून उडवत उडवत घशापर्यंत आणला आणि गिळला. मग चोच पाण्यात दोनदा फिरवून स्वच्छ केली. एवढं सगळं मिनिटभरात झालं. यादीत त्या दिवशी त्रेचाळीस जाती होत्या. मला आठवते ती ही कोरल.

तिसरी पायरी: ओळख

शरद सरताना वेडर ओळखणं सर्वात कठीण, आणि शिकायलाही हाच काळ सर्वात चांगला. विणीचे तांबूस-काळे रंग झडत आलेले असतात. प्रौढ पक्षी वरून करडे, खालून पांढरे होऊन सगळे एकमेकांसारखे दिसतात. त्यांच्यात यंदाची पिल्लं मिसळलेली. बऱ्याच जातींत प्रौढ आधी निघतात आणि पिल्लं मागाहून, आईबापांशिवाय, कधीही न पाहिलेल्या वाटेने येतात. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये अवघ्या पाच महिन्यांच्या एका बार-टेल्ड गॉडविटने, म्हणजे पाणटिवळ्याच्याच एका भाईबंदाने, अलास्काहून उडून 11 दिवसांत न थांबता सुमारे 13,560 किलोमीटर अंतर कापलं आणि तो टास्मानियात उतरला. उपग्रहाच्या टॅगमुळे हे कळलं. समोरच्या चिखलात खवल्याखवल्यांच्या पाठीचं कोवळं पाखरू दिसलं की मला हा आकडा आठवतो आणि मी आवाज आणखी खाली आणतो.

पिल्लू ओळखायचं ते पिसांच्या कडांवरून. त्याची सगळी पिसं एकाच वेळी उगवलेली, म्हणून सारखी ताजी, प्रत्येकाला फिकट किनार, पाठीवर नीटस खवले. प्रौढाची पिसं झिजलेली, मधेच नवी करडी, मधेच जुनी. नोव्हेंबरात पिल्लांच्या पाठीवरही साधी करडी पिसं यायला लागतात, पण पंखावरची लहान पिसं आणि शेपटीजवळची मोठी पिसं अजून पहिल्या जोडातलीच असतात. वर करडं आणि पंखावर खवले असं मिश्रण दिसलं तर ते यंदाचं पिल्लू.

आता नेहमी घोटाळा होणाऱ्या जोड्या. सगळ्या नाही सांगत, ज्या सुटल्या की बाकीचं सोपं होतं त्याच सांगतो.

कोरल आणि छोटा कोरल, म्हणजे कर्ल्यू आणि व्हिम्ब्रेल. पुस्तकं सांगतात की लांब चोच कोरलची, आखूड छोट्याची. या हंगामात त्यावर भिस्त ठेवू नका, कारण कोरलच्या पिल्लाची चोच पहिल्या शरदात पुरती वाढलेली नसते. डोकं पाहा. छोट्या कोरलच्या माथ्यावर दोन गडद पट्टे आणि त्यांच्या मधोमध फिकट रेघ असते, कोरलचं डोकं सरसकट बारीक रेघांचं. उडताना आवाज ऐकायला तयार राहा: छोटा कोरल एकाच पट्टीत भरभर सातेक शिट्ट्या देतो, कोरल मात्र स्वर उचलत 'कुर्-ली' म्हणतो.

राखी चिखल्या आणि सोनचिखल्या. दोघंही करडे दिसतात तेव्हा ते उडेपर्यंत थांबा. राखी चिखल्याच्या काखेत ठसठशीत काळा डाग असतो, पांढऱ्या पंखाखाली तो लांबूनही दिसतो. एकदा दिसला की विषय संपला.

डनलिन आणि कर्ल्यू सँडपायपर या छोट्या तुतवारांचंही तसंच. चोचीची वक्रता, पायांची उंची यांवर वाद घालत बसण्यापेक्षा उडताना कंबर पाहा. कर्ल्यू सँडपायपरची कंबर सलग पांढरी, डनलिनच्या कंबरेच्या मधून गडद पट्टा गेलेला.

टिलव्यांमध्ये उडताना पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरा पट्टा दिसला तर रेडशँक. पंख सगळे गडद आणि पाठीवर वरपर्यंत गेलेली पांढरी पाचर दिसली तर ग्रीनशँक किंवा मार्श सँडपायपर. त्या दोघांत ग्रीनशँक धिप्पाड, चोच जाड आणि किंचित वर वळलेली. मार्श सँडपायपर सडपातळ, चोच सुईसारखी सरळ.

स्टिंट हे या वेडरांत सर्वात लहान. लिटल स्टिंट जेमतेम पंचवीस ग्रॅमचा असतो आणि तोही टुंड्रातूनच येतो. काळे पाय दिसले तर लिटल, पिवळसर पाय आणि छातीवर करडी झाक असेल तर टेमिंक्स. मात्र पाय धुतलेले असतील तरच निकाल द्यायचा. चिखलाने माखलेले पाय सगळ्यांचेच काळे.

कुरव पक्ष्यांच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका, असं मी नवख्यांना मनापासून सांगतो. मोठ्या कुरवाला प्रौढ पिसारा यायला चार वर्षं लागतात आणि दर वर्षी त्याचं रूप वेगळं. आधी वेडरवर नजर बसू दे. थंड प्रदेशातल्या खाड्यांवर याच काळात समुद्री बदकं, लून आणि ग्रीब उतरतात. ते सतत बुड्या मारतात. त्यांच्यासाठी थोडी उंच जागा घ्यावी, वारा पडलेला दिवस निवडावा आणि एकाच पट्ट्याकडे तीनचार मिनिटं सलग पाहत राहावं, म्हणजे बुडालेलाही मोजणीत येतो.

विसाव्याची वेळ आणि मोजणी

पूर्ण भरतीला पक्षी रेतीच्या दांड्यावर, मिठागराच्या बांधावर किंवा खडपावर दाटीवाटीने उभे राहतात. एक पाय पोटात, चोच पाठीच्या पिसांत, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. मोजायला ही उत्तम वेळ. आधी दहा पक्षी खरोखर मोजा, ते दृश्य डोळ्यांत बसवा, तसे दहा गठ्ठे करून शंभराचा तुकडा ठरवा आणि असे किती तुकडे बसतात ते पाहा. थवा मोठा असला की डोळा कमीच धरतो, म्हणून दोन टोकांकडून एकेकदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. जातवार प्रमाण वेगळं काढावं: स्कोप थव्यावर चार ठिकाणी थांबवायचा आणि प्रत्येक ठिकाणी पन्नास पक्ष्यांत कोण किती ते नोंदवायचं.

इथेच माझ्या हातून एक चूक झाली होती. जवळून फोटो मिळावा म्हणून मी दांड्याच्या टोकाकडे चालत गेलो. पक्ष्यांनी मान वर काढली, तरी मी आणखी दहा पावलं टाकली. सगळा थवा उठला आणि भरती भरात असल्याने त्याला उतरायला दुसरी जागाच नव्हती. वीस मिनिटं ते पक्षी खाडीवर घिरट्या घालत होते. हजारो किलोमीटर उडून आलेल्या, दोन ओहोट्यांत खाऊन साठवलेल्या चरबीवर जगणाऱ्या पाखरांची ती वीस मिनिटं मी खर्च केली. तेव्हापासून विसाव्याच्या जागेकडे मी पाऊल टाकत नाही. भरतीच्या आधी बसतो, ते माझ्याकडे येतात. खुणा सोप्या आहेत: पोटातला पाय खाली आला, माना ताठ झाल्या, चुळबुळ सुरू झाली की तुम्ही आधीच जास्त जवळ आहात. जागीच खाली बसा आणि हळूहळू मागे सरका. आवाजाची ध्वनिफीत वाजवणं आणि ड्रोन उडवणं इथे नकोच. कुत्रा सोबत असेल तर दोरीला बांधूनच.

थवा तुमच्यामुळे न उठताही अचानक उठला, तर आकाशात वर पाहा. एकाच वेळी सगळे उठून गोळ्यासारखे आवळले गेले आणि तो गोळा क्षणात पांढरा, क्षणात करडा होऊ लागला, तर बहुतेक वेळा बहिरी ससाणा असतो. तो एकट्या पडलेल्या पक्ष्याच्या शोधात असतो, म्हणून कोणी थवा सोडत नाही.

पायात रंगीत कडी किंवा झेंडी दिसली तर बाकी सगळं सोडून तेवढंच लिहा. डावा पाय की उजवा, सांध्याच्या वर की खाली, रंग वरून खाली कोणत्या क्रमाने, अक्षरं असतील तर ती. डावा-उजवा पक्ष्याचा, तुमचा नव्हे. आणि मधला जो सांधा आपल्याला गुडघा वाटतो, तो खरा पक्ष्याचा घोटा आहे. खात्री नसलेला रंग अंदाजाने भरू नका, तिथे प्रश्नचिन्ह ठेवा. कडी घालणाऱ्या संशोधकांना तारीख, जागा आणि हा तपशील कळवला की तो पक्षी कुठून आला ते उत्तरात येतं.

वहीत रोज पाच गोष्टी हव्यातच: तारीख, बसल्याची आणि उठल्याची वेळ, पूर्ण भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा, कुठे बसलात. भरतीची वेळ नसलेली खाडीची नोंद पुढे कुणाच्याच कामाची नसते. यादी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, टाकत असाल तर हीच माहिती शेऱ्यात लिहा.

चिखल

चिखलात उतरू नका. कितीही घट्ट दिसला तरी नाही. वरचा पापुद्रा वाळलेला असतो, खाली कमरेइतका गाळ. पाणी मागच्या ओहळांतून आधी भरतं, त्यामुळे समोर कोरडं दिसत असताना परतीची वाट बंद झालेली असते. कधी रुतलातच तर ताठ उभं राहून पाय उपसू नका. मागे रेला, अंगाचा भार पसरा, एकेक पाय हळूहळू हलवत सोडवा, आणि लगेच हाक मारा किंवा फोन करा. एकटे जात असाल तर कुठे आणि किती वाजेपर्यंत, हे घरी सांगून ठेवा.

परत फिरण्याआधी

पूर्ण भरती झाली की बहुतेक लोक सामान आवरतात. तुम्ही आणखी दीड तास थांबा. पाणी उतरायला लागलं की चिखलाची पहिली ओली पट्टी उघडते आणि विसाव्यातला एकेक पक्षी पाय खाली सोडतो, पंख ताणतो. पहिले निघतात ते छोटे, कारण लहान अंगाला भूक लवकर लागते. डनलिन, स्टिंट पाण्याच्या कडेने धावत खायला लागतात, मग टिलवे, आणि कोरल बराच वेळ उभेच. या दीड तासात पक्षी भुकेले असतात, काठाजवळ असतात, आणि सकाळपासून बसलेल्या माणसाची त्यांना सवय झालेली असते. मला सर्वात जवळून दिसलेले पक्षी जवळजवळ सगळे या वेळचे आहेत. पाण्याची कड शंभर पावलं मागे हटेपर्यंत बसायचं, शेवटची मोजणी लिहायची, आणि उठताना आधी स्टूल घडी करायचं, मग सावकाश उभं राहायचं.